गरिबाची फेरारी आणि आपली भंगाराची घाई

मंडळी, आज खड्डे, पाणी आणि नगरपालिका यांना एक दिवस सुट्टी. आजची पोस्ट एका गाडीवर आहे. आपल्या रस्त्यावर तुम्ही ती बहुतेक कधी पाहिली नसेल. नाव आहे फियाट एक्स १/९. ‘एक्स वन नाइन’ म्हणायचं. थोडी लांब पोस्ट आहे, पण शेवटपर्यंत वाचा. विषय फिरून आपल्या दारात येतो.

मागच्या आठवड्यात या गाडीच्या शौकिनांच्या मेळाव्याचे फोटो मी टाकले होते. मैदानात ओळीनं उभ्या पाचरीसारख्या बुटक्या गाड्या, पुढचं आणि मागचं झाकण उघडलेलं, आणि भोवती केस पिकलेली माणसं वाकून काहीतरी बघतायत. खाली प्रतिक्रिया आल्या त्या अशा: “रिकामटेकडे लोक.” “श्रीमंतांचे चोचले.” “फेरारी असती तर गोष्ट वेगळी, हा डबा कशाला?” एका मित्रानं तर लिहिलं, “पत्रकार साहेब, शेतकऱ्यावर लिहा, भंगारावर काय लिहिताय?”

या प्रत्येकाला उत्तर देणार आहे. पण आधी गाडी समजून घ्या, कारण न समजता हसायची आपल्याला फार सवय.

१९६० च्या दशकात इंजिन मधोमध, म्हणजे ड्रायव्हरच्या पाठीमागे आणि मागच्या चाकांच्या पुढे ठेवायची पद्धत शर्यतीच्या गाड्यांत रुळली होती. वजन मध्यभागी राहिलं की वळणावर गाडी चपळ फिरते, इतकं साधं गणित. रस्त्यावरच्या गाडीत ते गणित ज्यांनी गाजवलं त्यात १९६६ ची लॅम्बोर्गिनी म्यूरा सगळ्यात पुढे. ती घ्यायची ऐपत कोणाची? कारखानदारांची, सिनेनटांची, राजेरजवाड्यांची. शाळामास्तर, बँकेतला कारकून किंवा कारखान्यातला फोरमन यांनी ती फक्त मासिकात बघायची.

ती म्यूरा ज्यानं रेखाटली त्या मार्चेल्लो गांदिनीनंच पुढे एक्स १/९ रेखाटली. तो तेव्हा तुरीनच्या बेर्तोने कंपनीत होता. लॅम्बोर्गिनी काउंटाश त्याची, लॅन्सिया स्ट्रॅटोस त्याची. मार्च २०२४ मध्ये तो गेला तेव्हा जगभरच्या बातम्यांत म्यूरा आणि काउंटाशचे फोटो झळकले. या छोट्या गाडीला मिळालीच तर एखादी ओळ मिळाली.

खरं कौशल्य मात्र इथंच होतं. फियाटची १२८ नावाची साधी घरगुती गाडी होती. पुढे आडवं इंजिन, पुढच्या चाकांना ताकद, चार माणसं आणि सामान. १९७० साली तिला युरोपातल्या ‘कार ऑफ द इयर’चा मान मिळाला होता. तिचं इंजिन ऑरेलियो लांप्रेदी यांचं; हा माणूस त्याआधी फेरारीची इंजिनं बनवायचा. गांदिनी आणि मंडळींनी काय केलं? १२८ चं इंजिन आणि गिअरबॉक्स जसाच्या तसा उचलला आणि ड्रायव्हरच्या पाठीमागे बसवला. झाली मधोमध इंजिन असलेली स्पोर्ट्स कार! सुटे भाग घरगुती गाडीचे, बांधणी मात्र म्यूराच्या घराण्यातली.

आज ऐकायला सोपं वाटतं. पुढे १९८४ मध्ये अमेरिकेत पॉन्टिॲक फिएरो आणि जपानमध्ये टोयोटा एमआर-टू आली, ती याच युक्तीवर. फियाटनं हे १९७२ मध्येच करून दाखवलं होतं.

आकडे बघा. इंजिन १२९० सीसी, ताकद साधारण ७५ अश्वशक्ती. वजन नऊशे किलोच्या आसपास. १९७८ पासून १४९८ सीसीचं इंजिन आणि पाच गिअर आले, ताकद ८५ अश्वशक्तीवर गेली. आजच्या आपल्या हॅचबॅकएवढीच म्हणा ना. म्हणून तेव्हाही लोक हसले. “दिसायला वाघ, आवाज मांजराचा” अशी तिची थट्टा व्हायची. कोणी प्रेमानं, कोणी हिणवत तिला ‘गरिबाची फेरारी’ म्हणायचं. मोटारींवर लिहिणारे मात्र एक गोष्ट मान्य करायचे: वळणावर हिच्या नादाला लागू नका.

शिवाय अक्कल बघा. त्या काळात अमेरिकेत उघड्या टपाच्या गाड्यांवर सुरक्षेच्या नियमांची कुऱ्हाड पडणार अशी हवा होती. म्हणून गाडीच्या मधोमध भक्कम कमान ठेवली, आणि डोक्यावरचा टपाचा तेवढा तुकडा काढता येईल असा केला. तो काढून पुढच्या डिकीत आडवा ठेवायचा, आणि तरी सामानाला जागा उरते. मागे इंजिनाच्या पलीकडे दुसरी डिकी. स्पेअर चाक सीटच्या मागे, पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या पाठीशी. चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या गाडीत हे सगळं बसवायचं म्हणजे आपल्या आज्जीनं एका ट्रंकेत अख्खा संसार बसवावा तसं.

दोष नव्हते का? ढीगभर होते. पत्रा गंजायचा. मागचे सस्पेन्शन जिथे टेकतात ते मनोरे आतून सडायचे, आणि वरून रंग चकचकीत. उघडझाप करणारे हेडलाइट कधी एकच डोळा उघडायचे. वायरिंगचा अर्थ नीट लागला नाही की दिवे जायचे. इंजिन मागे दडलेलं, त्यामुळे कामाला हात जात नाही. किंमत पडली तशी गाडी तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे गेली, तो खर्च करेना, आणि शेवटी भंगारात. १९७२ ते १९८९ या काळात सुमारे १ लाख ६० हजार गाड्या बनल्या. १९८२ पासून तर फियाटनं हात झटकले आणि बेर्तोनेनं स्वतःच्या नावानं विकल्या. तरी आज रस्त्यावर दिसणारी एक्स १/९ दुर्मीळ झाली आहे. ज्यांची किंमत कोटीत, त्या म्यूरा जपल्या गेल्या. ज्यांची किंमत हजारात, त्या एक्स १/९ सडल्या.

आता “श्रीमंतांचे चोचले” म्हणणाऱ्यांनी हेच वाक्य परत वाचावं.

श्रीमंतांच्या गाड्या जपायला कोणाच्या मेळाव्याची गरज लागत नाही. त्यांना लिलावघरं आहेत, विमा आहे, एसी गोदामं आहेत. गाडी किती धावली यापेक्षा भाव किती वाढला याकडे लक्ष. एक्स १/९ वाल्यांचं तसं नाही. या गाडीवर जेवढा खर्च कराल तेवढा विकून परत मिळेलच याची खात्री नाही. हे लोक एकत्र येतात ते एकमेकांना हेडलाइटची मोटर द्यायला, सडलेला मनोरा कसा कापून कसा वेल्ड करायचा ते दाखवायला, आणि कारखान्यानं बंद केलेला एखादा रबरी भाग पाच-पन्नास जणांनी मिळून पुन्हा बनवून घ्यायला. इटलीत, ब्रिटनमध्ये, जर्मनीत, हॉलंडमध्ये, अमेरिकेत या गाडीचे असे गट आहेत. शेवटची गाडी बनून पस्तीस वर्षं उलटली. तरी ती चालते ती कंपनीच्या कृपेनं नव्हे, या लोकांच्या हट्टानं.

म्हणजे सहकारच की हा! आपण सहकाराची जन्मभूमी म्हणून मिरवतो, आणि तोच सहकार कोणी लोखंडाच्या डब्यासाठी केला की हसतो.

“फेरारी असती तर गोष्ट वेगळी” म्हणणाऱ्या मित्रांना थोडं कडक बोलतो, राग मानू नका. आपल्या तालुक्यात एखादी महागडी लाल गाडी आली की काय होतं? दोनशे पोरं मोबाइल घेऊन धावतात. इंजिन कुठे आहे, कोणी बनवलं, का बनवलं, एकालाही माहीत नसतं. माहीत असते ती किंमत. वाढदिवसाला काळ्या एसयूव्हीची रांग निघते, नंबर ‘दादा’ वाचला जाईल असा घेतलेला, आणि आपण रस्त्याच्या कडेला उभं राहून हात हलवतो. गाडी म्हणजे किंमत, गाडी म्हणजे वट. तिच्यामागे कोणाची तरी बुद्धी, कोणाचे तरी हात आहेत हे आपल्याला सुचतच नाही. ही सवय गाड्यांपुरती थांबत नाही. माणसं, शाळा, डॉक्टर, पुढारी, सगळं आपण वरच्या बिल्ल्यावरूनच जोखतो. नावाजलेल्या वस्तूचं कौतुक करायला काही अक्कल लागत नाही. दुर्लक्षित वस्तूतलं चांगलं ओळखायला अभ्यास लागतो. म्हणून मला त्या मैदानातल्या पिकल्या केसांच्या माणसांबद्दल आदर वाटतो.

आता सरकारकडे येऊ. इटलीत जुन्या गाडीला कायद्यात जागा आहे. त्यांच्या वाहन कायद्यात ‘ऐतिहासिक आणि संग्राह्य वाहन’ असा वर्गच आहे, आणि ते ठरवायला मान्यताप्राप्त नोंदवह्या आहेत. त्यातली एक खास फियाटची. १९६६ साली स्थापन झालेली एएसआय ही शौकिनांची राष्ट्रीय संस्था त्यातच येते. गाडी वीस वर्षांची झाली, मूळ रूपात असली, की तपासून प्रमाणपत्र मिळतं. वीस ते एकोणतीस वर्षांच्या अशा प्रमाणित गाडीला वाहनकर निम्मा. तीस वर्षं झाली की खाजगी गाडीचा नेहमीचा कर माफ. रस्त्यावर आणली तर नाममात्र रक्कम.

बेर्तोने कंपनीचं काय झालं तेही ऐका. २०१४ मध्ये ती दिवाळखोरीत गेली. तिच्या संग्रहातल्या ७९ गाड्या लिलावात निघाल्या. आपल्याकडे असतं तर एकेक गाडी एकेका बिल्डरच्या फार्महाऊसवर गेली असती. तिथे २०१५ मध्ये एएसआयनं, म्हणजे शौकिनांच्या संस्थेनं, अख्खा संग्रह एकगठ्ठा विकत घेतला. साधारण साडेतीन दशलक्ष युरो मोजले. आज तो मिलानच्या मालपेन्सा विमानतळाजवळच्या संग्रहालयात लोकांना बघता येतो. वर्गणी भरणाऱ्या माणसांनी आपल्या देशाच्या कारागिरीचा ठेवा फुटू दिला नाही. यांना म्हणायचं रिकामटेकडे?

आता आपल्या दारात या.

“इटलीचं आम्हाला काय” असं वाटत असेल तर जरा आठवा. मुंबईची काळी-पिवळी कोणाची होती? फियाटची. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, पुढे फियाटशी करार झाला आणि कुर्ल्यात गाड्या बनू लागल्या. फियाट ११०० हीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगवरचा गिअर, पुढे बाकड्यासारखी सीट. किती लग्नांची वरात तिच्यातून निघाली, किती बाळंतिणी तिच्यातून दवाखान्यात गेल्या, मोजदाद नाही. आपली लुना आठवते? ती पियाजोच्या ‘चाओ’ मोपेडवरून परवाना घेऊन बनवलेली. बजाजची सुरुवातीची स्कूटर? पियाजोच्याच परवान्यावरची व्हेस्पा. आणि आज गावोगाव वडाप करणारी आपे? नाव इटालियन, अर्थ मधमाशी, कारखाना आपल्या बारामतीत. महाराष्ट्राच्या मध्यमवर्गाचं आणि गरिबाचं चाक अर्धं इटलीतून आलेलं आहे, दादा.

त्या पद्मिनीचं आपण काय केलं? मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मधली. वीस वर्षांची मुदत संपली आणि ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून उतरली. टॅक्सीचालकांच्या संघटनेनं त्याआधीच सरकारकडे मागणी केली होती की निदान एक काळी-पिवळी तरी जपून ठेवा. काही झालं नाही. शेवटच्या दिवशी फोटो निघाले, बातम्या झाल्या, लोकांनी स्टेटस ठेवले, डोळे पुसले. पुढे? पुढे काही नाही. स्टेटस चोवीस तासांनी गेलं तशी आठवणही गेली.

कायदा काय म्हणतो बघा. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज वाहनांचे नियम आणले. चांगली गोष्ट. पण अट काय? पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली हवीत आणि गाडी मूळ रूपात हवी. नवीन नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये. आता हिशेब करा. तुमच्या आजोबांनी १९८५ साली घेतलेली पद्मिनी २०३५ मध्ये व्हिंटेज होणार. तोपर्यंत? तोपर्यंत ती कायद्याच्या नजरेत निव्वळ जुनी गाडी. दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, पासिंग, आरटीओच्या चकरा. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क ५ हजारांवरून १० हजार केलं. दुचाकीचं १ हजारावरून २ हजार. आणि गाडी अधिकृत केंद्रावर भंगारात दिलीत तर? नवीन खाजगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद!

म्हणजे मोडाल तर बक्षीस, जपाल तर भुर्दंड. वीस आणि पन्नासच्या मधली तीस वर्षं हीच खरी मरणाची खिंड. राजेरजवाड्यांच्या रोल्स रॉइस ती खिंड कधीच ओलांडून गेल्या. त्यांना गॅरेज होतं, नोकर होते. मास्तरांची फियाट, ग्रामसेवकाची लुना, दूधवाल्याची राजदूत, यांना कोण ओलांडवणार? उद्या आपल्या नातवंडांनी विचारलं की विसाव्या शतकात साधा माणूस कशावर फिरायचा, तर आपण त्यांना संस्थानिकांची गाडी दाखवणार. हा निव्वळ खोटा इतिहास होईल.

प्रदूषणाचा मुद्दा आहेच, आणि तो खरा आहे. जुनं कार्बोरेटरचं इंजिन नव्या गाडीपेक्षा किलोमीटरमागे जास्त धूर सोडतं. रोज धंद्यावर धावणारी, काळा धूर ओकणारी गाडी रस्त्यावरून उतरलीच पाहिजे, त्यावर वाद नाही. पण जी गाडी वर्षातून चार रविवार बाहेर निघते तिचा धूर किती आणि आपल्या बायपासवर रात्रभर धावणाऱ्या वाळूच्या हायवांचा किती? त्या ओव्हरलोड गाड्यांना कोणी हात लावत नाही, कारण त्या कोणाच्या हे सगळ्यांना माहीत आहे. कारवाई मात्र आजोबांच्या फियाटवर. सोयीचं पर्यावरण आहे हे.

आणि शेतकऱ्यावर लिहा म्हणणाऱ्या मित्रा, लिहितोच आहे, वर्षानुवर्षं लिहितो आहे. पण एक सांग, स्टँडमागे जो फियाटचा मिस्त्री होता, कानानं ऐकून पॉइंटचा गॅप सांगायचा, तो कोणाचा पोरगा होता? शेतकऱ्याचाच. त्याच्याकडे शिकायला येणारी पोरं कोणाची? आज त्याचं दुकान मोबाइल कव्हरचं झालंय. इटलीत, इंग्लंडात जुन्या गाड्यांवर पत्रेवाले, रंगारी, शिवणकाम करणारे, सुटे भाग ओतणारे जगतात. तो रोजगार आहे. आपल्या आयटीआयच्या पोरांच्या हातात तेवढं कौशल्य देता येतं. पत्रा ठोकून वळण काढणं हे कोणत्याही यंत्राला अजून नीट जमलेलं नाही. पण जुनं म्हणजे भंगार असं एकदा ठरवलं की जुनं दुरुस्त करणारा माणूसही भंगारातच जातो. माझं खरं दुखणं हे आहे. गाडी निमित्त.

मग मागणं काय? तीनच गोष्टी, आणि एकही चंद्रावरची नाही.

एक, पंचवीस किंवा तीस वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या आणि धंद्यासाठी न वापरल्या जाणाऱ्या वाहनांचा वेगळा वर्ग करा. फिरण्याचे दिवस मर्यादित ठेवा, धुराची तपासणी ठेवा, पण शुल्क साध्या माणसाला झेपेल असं ठेवा. आपल्या खासदारांनी हा विषय केंद्राकडे न्यावा. फ्लेक्सवर ‘कार्यसम्राट’ लिहायला जागा आहेच, खाली हेही एक काम लिहिता येईल.

दोन, राज्यानं निदान एक पद्मिनी टॅक्सी, एक लुना, एक जुनी बजाज स्कूटर सरकारी संग्रहालयात ठेवावी. शिवकालीन तलवारीशेजारी नको म्हणत असाल तर वेगळी खोली करा. पण ठेवा.

तीन, आणि हे आपल्या हातात आहे. सरकारची वाट कशाला बघायची? एक्स १/९ वाल्यांनी कोणाची वाट बघितली? या दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारी बाजार मैदानावर आपण जमू. ज्यांच्या परसात, गोठ्यात, ताडपत्रीखाली जुनी फियाट, लुना, लँब्रेटा, राजदूत, जावा, एम-एटी पडली असेल त्यांनी आणावी. चालत नसेल तर ढकलत आणा, टेम्पोत घालून आणा. डीजे नाही, हार नाही, स्टेजवर पुढारी नाही. पुढारी आलेच तर त्यांनी बोनेट उघडून दाखवावं. जुन्या मिस्त्रींना मधोमध खुर्ची द्यायची आणि आयटीआयच्या पोरांनी त्यांना प्रश्न विचारायचे. कोणाकडे कुठला पार्ट आहे त्याची वही करायची. खर्च म्हणजे चहा आणि भेळ.

“त्यानं काय होणार?” असं लगेच कोणीतरी लिहील. तुरीनजवळच्या बेर्तोनेच्या कारखान्यात आता त्या नावाची गाडी बनत नाही. जागा विकली गेली, पुढे तिथे दुसऱ्याच नावाच्या गाड्या बनल्या. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या जागेवरही इमारती उभ्या आहेत. कारखाने दोन्हीकडे गेले. फरक एवढाच की तिकडे गाडी उरली, कारण चार माणसं दर वर्षी मैदानात जमत राहिली. आपल्याकडे अजून थोड्या गाड्या आणि थोडे मिस्त्री शिल्लक आहेत. दहा वर्षांनी दोन्ही नसतील.

तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर खाली कमेंटमध्ये फक्त गाडीचं नाव आणि साल लिहा. पत्ता, फोन नंबर टाकू नका, ते मेसेजमध्ये बोलू. पंचवीस गाड्यांची यादी झाली की तारीख ठरवतो. आणि मुद्दा पटला नसेल तर जरूर भांडा. फक्त “डबा” म्हणण्याआधी एकदा बोनेट उघडून बघा.